गाल नव्हे, गल

ऋजुता आरशासमोर ओठांचा चंबू करते.
जिभेने ई म्हणायचं, ओठांनी ऊ,
मधे कुठेतरी फ्रेंच सापडतं म्हणे.
तिच्या शेजारी मी,
त्याच आरशात, त्याच वेळी,
कारण लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीही
हेच लिहून दिलंय:
ई, ऊ, गाल फुगवा, शीळ घाला, दिवसातून चारदा.
बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली,
शीळ घाला असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी चूळ भरली
आणि उजव्या बाजूने पाणी आपलं आपण बाहेर.
तेव्हापासून अर्धं तोंड रजेवर आहे.
भाताचं शीत गालात जाऊन बसतं,
जिभेने शोधून आणावं लागतं
आणि झोपताना डोळ्याला चिकटपट्टी.

“काकू, आज शिव्यांसारखं काहीतरी शिकवलं.
गल.”
गाल?
“गाल नव्हे, गल. जनावराचं तोंड.
माणसाला लावलं की थोबाड.”
मग थोबाड फोडणं तिकडेही आहे,
थोबाड बंद कर हेही आहे,
आणि रुसून तोंड फुगवणं म्हणजे
थोबाड करणं.
मी म्हटलं, मला करता येत नाही गं आता,
फुगवलं की एका बाजूने हवा सुटते.
हसली. मीही हसले, डावीकडून.

रात्रभर ढोसून सकाळी उठलेल्याचं
लाकडी थोबाड असतं त्यांच्यात.
माझं तर बत्तीस दिवस लाकडी,
तेही मारी बिस्किटं खाऊन.
कोडं सुटलं नाही की जीभ मांजराला द्यायची.
बोलण्याआधी ती तोंडात सात वेळा फिरवायची.
सात!
अकाउंट नंबर चुकवणाऱ्या माणसासमोर
माझी एकदाही फिरली नव्हती,
सरळ सुटायची.
लोक दुसऱ्या खिडकीत जास्त वेळ उभे राहायचे,
हे मला निवृत्तीच्या भाषणात कळलं.

“आणि काकू, एखाद्यावर दात असणं
त्यांच्यातही अगदी असंच आहे. दात. एकच.”
हे म्हणताना ती आरशातून माझ्याकडे बघत नव्हती.
तिच्या आईवर माझा नऊ वर्षं दात आहे.
मॉडेल कॉलनीतल्या या फ्लॅटवरून सुरू झालं,
पुढे कशावरून चालू राहिलं ते मलाही सांगता येणार नाही.
पोरगी मात्र येते. क्लास जवळ पडतो,
आणि आमच्याकडे चहात आलं जास्त असतं.

शनिवारी बेल वाजली.
शालन.
बिबवेवाडीहून दोन बस बदलून,
हातात डाळिंब्यांच्या उसळीचा डबा.
“तोंड बघायला आले,” म्हणाली,
आणि मग आपणच जीभ चावली.

मी कपाळाला आठ्या घातल्या.
नऊ वर्षांच्या सगळ्या घातल्या, राखून काही ठेवलं नाही.
पण आठ्या निम्म्याच पडल्या.
डावी भुवई वर गेली, डावं नाकही मुरडलं,
आणि उजवीकडे काहीच नाही:
एक सुरकुती नाही,
सकाळच्या पाटासारखं स्वच्छ, शांत,
कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखं.

शालनने दोन्हीकडे पाहिलं.
वेळ घेतला.
मग खुर्ची ओढून
उजव्या बाजूला बसली.

उसळ तिने थोडी जास्तच शिजवून आणली होती,
चावायला लागू नये म्हणून.
तरी एक डाळिंबी गालात जाऊन बसलीच.
मी जीभ फिरवत राहिले.
काहीतरी म्हणायचं होतं, तिखट,
आधी डाळिंबी निघू दे म्हटलं.
आत ऋजुता एकटीच ई आणि ऊच्या मधलं शोधत होती.
चार, पाच. शालन कपात साखर ढवळत होती.
सहा.