दोरा

वाढदिवसाच्या केकची फीत सुटली
की बाबा तिचा एक धागा ओढून घेत,
उजव्या नाकपुडीत सारत, डावीतून बाहेर काढत,
आणि दोन्ही टोकं धरून मागे-पुढे करत,
करवत चालावी तशी.
मुलं किंचाळत.
आई ताटल्या जरा जोरातच ठेवी.

सात वर्षांची होईपर्यंत मला वाटे,
सगळ्यांच्याच बाबांना हे येतं.
आमच्या गल्लीत येतही होतं बऱ्याच जणांना.

देबा नदीच्या या खोऱ्यात डोंगर इतके अंगावर,
की ऊन दुपारी येतं आणि चारच्या आत निघतं.
चमक लागते ती आम्हीच करायची:
नळांना, कुलपांना, सायकलच्या हँडलांना
क्रोमचा पातळ मुलामा.
चोमिन, माझे बाबा, एकतीस वर्षं हौदाशी उभे.
हौदात नारिंगी पाणी,
वीज सोडली की फसफसणारं.
वर बारीक धुकं. जिभेवर पैशाच्या नाण्याची चव.
सर्दी झालीय, म्हणत.
ज्याला त्याला सर्दी.
मग रक्त, मग खपली, मग एक दिवस
दोन नाकपुड्यांमधली भिंतच नाही.

नाकासमोर चालणारा माणूस, असंच म्हणत त्यांना.
बाहेरून नाक होतंही सरळ.

मी रसायनं शिकून परतले
तेव्हा मालकीणबाई, अरांचा, म्हणाल्या,
कमी कर. बंद नको करूस, बंद झालं तर आपण बंद.
आधी हौदावर प्लास्टिकचे पोकळ गोळे सोडले,
धुकं खालीच दाबायला.
बाबा म्हणाले, बदकं आणलीस.
मग झाकणं. मग शोषून घेणारे पंखे.
मग वहीत रोजचे आकडे,
आणि आकडा उतरला की मला उगाच
स्वयंपाक जमल्यासारखं वाटे.
पण कमी म्हणजे किती कमी?
चमचाभर विष कमी घातलेल्या आमटीला
काय म्हणतात?

शेवटी हौदच उपसला.
नारिंगी पाणी पिंपांत भरून, चिकटपट्टी, शिक्के, ट्रक.
शिशाच्या पट्ट्या गेल्या, ग्राफाइटच्या आल्या.
नवं पाणी गडद हिरवं,
तळ्याच्या सावलीतल्या बाजूसारखं,
आणि स्वभावानं नाजूक.
चिमूटभर लोखंड पडलं तरी रुसतं.
जुनं काहीही खपवून घ्यायचं.
माणसंसुद्धा.

पहिल्याच महिन्यात बिल्बाओहून
चारशे नळ परत आले.
चिठ्ठी: रंग काळपट. आमचा निळसर पांढरा कुठे गेला?
अरांचा खिडकीशी दोन नळ धरून उभ्या राहिल्या,
जुना, नवा, जुना, नवा.
खरंच, नवा किंचित उदास होता,
ढग आल्यावर स्टीलचा चमचा दिसतो तेवढा.
कुणी काही बोललं नाही.
त्या रात्री जुन्या कृतीचा कागद
माझ्या टेबलावर कुणीतरी आणून ठेवला होता.
अक्षर बाबांचं.

सकाळी विचारलं. म्हणाले,
चारशे नळ म्हणजे सहा जणांचा पगार, पोरी.
आणि नाक?
नाकाला काय, माझं फुकट गेलंय, धागा तरी जातो.
मी कागद फाडला नाही.
खणात आहे अजून.
सावलीच्या नावाखाली आम्ही दर उतरवला,
चारशेपैकी दोनशे साठ विकले.
बाकीचे गावातच लागले.
आमच्या मोरीतही एक आहे.
रात्री दिवा लावला की जुना कोणता, नवा कोणता,
मलाही सांगता येत नाही.

परवा बाबा डबा विसरलेली माझी पिशवी घेऊन आले.
उनाई, एकोणीस वर्षांचा, हिरव्या हौदाशी नवा,
त्यांच्या मागेच लागला:
आजोबा, ती दोऱ्याची जादू शिकवा ना.
बाबांनी खिशातून दोरा काढला.
(खिशात दोरा असतोच.)
पोरानं नाकात सारला, सारला,
डोळ्यांत पाणी, मग अशी शिंक
की हातमोजा उडून फळीवर पडला.
सगळे हसले.
पुन्हा केलं. पुन्हा शिंक.

नाही जमायचं तुला, बाबा म्हणाले.
दोरा गुंडाळत राहिले बराच वेळ,
बोटाभोवती, उलगडून, पुन्हा.

मी हौदाकडे गेले, नोंद करायची होती.
आम्लता तीन पूर्णांक दोन.
लोखंड थोडं वाढलंय.
उद्या बघू.