कोणत्या महिन्यात

देवगडच्या कॉलेजात बावीस कॉम्प्युटर,
चालू नऊ.
एकेकापुढे तिघं-तिघं, खुर्च्या ओढून,
समाजशास्त्र, दुसरं वर्ष.
विद्यापीठानं यंदा दिलेला पासवर्ड
मी फळ्यावर लिहिला, आणि पुसायची विसरले.

म्हटलं, इथे जगभरच्या माणसांच्या नोंदी आहेत.
कोण घर कसं शाकारतं,
मेलेल्यासोबत काय पुरतं,
कोणाच्या भाषेत मावशीला वेगळा शब्दच नाही.
परिच्छेदागणिक आकड्याचा बिल्ला:
लग्नाला एक, मिठाला एक, भांडणाला एक.
आकडा टाका, की
ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही
अशी माणसं शेजारी शेजारी येऊन बसतात
तालुक्याच्या दवाखान्यात बसल्यासारखी.

भार्गवी कोयंडेनं विचारलं,
"मासळीचे वाटे घालण्याला कुठला आकडा?"
एक्केचाळीस नोंदी.
एका बर्फाळ किनाऱ्यावर जाळंवाल्याला दोन वाटे.
एका बेटावर पहिला मासा गरोदर बाईला.
आणि जिचं नावही आम्हाला वाचता येईना
अशा एका खाडीत, नुसतं बघत उभ्या राहिलेल्यालाही एक.
"मॅडम, ही आमची रापण मां!"
ती एवढ्यानं ओरडली की पंखे थांबले असं वाटलं.
खरं तर वीज गेली होती.

वीज आली तेव्हा तिनं आपलाच किनारा शोधला.
एक नोंद. साडेतीन ओळी.
कोणी एक साहेब, घोड्यावरून आलेला, मुक्काम चार दिवस:
हे लोक मासेमारी करतात असे ऐकले होते,
तसे काही दिसले नाही. होड्या झापांखाली पालथ्या.
पुरुष पडवीत जाळी विणतात आणि झोपतात.
खाली तारीख. जुलै.

वर्ग क्षणभर गप्प.
मग अश्फाक मुकादम हसत हसत बाकाखालीच गेला,
"आषाढात इलो रे तो!"

मला लगेच हसता आलं नाही.
मी बार्शीची. इथे रुजू झाले ती वीस जूनला,
आणि पहिल्याच फोनवर आईला म्हणाले होते,
इथे काही घडत नाही गं,
लोक दारं लोटून बसून असतात.

तेव्हापासून वर्गाला खोडच लागली.
कुठल्याही देशाची नोंद उघडा, मागून आवाज येतो.
हे लोक पाहुण्याला जेवू घालत नाहीत.
कोणत्या महिन्यात?
यांच्यातल्या बायका फारशा बोलत नाहीत.
कोणत्या महिन्यात, भार्गवी म्हणते,
आणि इचारल्यान कोणी?

एकदा उत्खननाचा फोटो निघाला:
भाजक्या मातीचा गोळा, मधे भोक, बहुधा पूजेचा.
तिनं तो वडिलांना पाठवला.
टाइप करायचा त्यांना कंटाळा, उत्तर आवाजात आलं,
मागे लाट फुटत होती.
"जाळ्याक बांधतत तो. पूजा कसली?"
पोरं जिंकल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली.
मी खडू खाली ठेवत होते, तेवढ्यात तीच पुटपुटली,
"पण पुनवेक आमी जाळा पुजतो मां..."
त्या गोळ्याचा रकाना आम्ही
अजून रिकामाच ठेवलाय.

डिसेंबरात मिठमुंबरीच्या पुळणीवर रापण लागली होती.
मी वही घेऊन गेले. तारीख आधी लिहिली.
मग वही चपलांवर ठेवली, कारण दोर
हातभर माझ्यासमोरून सरकत होता
आणि सगळे धरत होते.
तळहात सोलले. किती वेळ ओढलं
ते नोंदायचं राहून गेलं.

संध्याकाळी भार्गवीचे वडील दारात, हातात पिशवी.
सात तारल्या, एक छोटा बांगडा.
म्हटलं, अहो, मी मासे खात नाही.
ते उंबऱ्याबाहेरच उभे. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.
"तुमी खातास काय नाय, ता आमी इचारूक नाय.
दोर धरलास मां?"