निळी रेघ

वासी उत्तरायण होऊन तीन दिवस झाले.
मांजलपूरच्या तारांवर अजून पतंगांची हाडं लोंबतायत
आणि तू डाव्या हातानं पोळी तोडतेस.

मी लगेच विचारलं नाही.
जमीन मोजणाऱ्याला सवय असते
आधी लांबून बघायची:
उजवा हात खिशात,
गणिताची वही कोरी,
वेणी घालून दे म्हणालीस, जी तू कधी म्हणत नाहीस.

मग हात पुढे केलास.
तर्जनीवर मैत्रिणीनं दिलेली जांभळी पट्टी,
पट्टीवर हसरं अस्वल,
अस्वलाच्या पोटाखाली ठुसठुस.

काचेच्या दोरीला हात लावायचा नाही, वल्लरी,
हे मीच बजावलं होतं अगाशीवर,
चार बिल्डिंगांना ऐकू जाईल असं.
म्हणून दोरी कापत गेली तेव्हा
'काप्यो छे'च्या गलक्यात
तुझा आवाज नव्हता.
तीन दिवस माझं ते वाक्य
तू मुठीत धरून हिंडलीस.

तुझी आई सुरतेला, ऑडिटला.
फोनवर म्हणाली, पाणी उकळ, कोमट होऊ दे,
मीठ घाल, फोडायला जाऊ नकोस,
तिला घाबरवू नकोस,
आणि तूही घाबरू नकोस. या क्रमानं.
धनुर्वाताची सुई जूनमध्ये झालीय,
फाइल काढून दोनदा पाहिलं.

हंसाबेन हळद-तेलाची वाटी घेऊन आल्या.
मी वाटी घेतली, ओट्यावर ठेवली,
तिथेच राहू दिली.
त्यांना कळलं. रागावल्या नाहीत.
बसल्या, तुला चिक्कीचा तुकडा दिला,
आणि त्यांच्या केतनच्या गुडघ्याची गोष्ट
शेवट न सांगताच उठल्या.

श्रीखंडाच्या डब्यात पाणी.
मनगटावर थेंब पाडून पाहिला,
तुझ्या बाटलीतल्या दुधाचा पाहायचो तसा.
दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो.
चौथ्या मिनिटाला अस्वल सुटलं
आणि पाण्यावर तरंगत राहिलं, तसंच हसत.

खाली एवढीशी चीर,
केस चिकटला असावा तशी.
एवढ्याशा चिरेला एवढं तापलेलं बोट!
साबण. नळाचं पाणी. तुझा एक हुंदका,
जो तू खोकल्यात बदललास.
मलम. कापूस नको, धागे चिकटतात; स्वच्छ गॉझ.

त्याआधी मात्र बॉलपेन घेतलं
आणि लालीच्या कडेनं
एक निळी रेघ ओढली, सावकाश.
हा माझा धंदाच.
कोठीच्या कचेरीत दिवसभर
भावाभावांच्या भिंती कागदावर आखतो,
अर्ध्या फुटासाठी लोक माझ्या टेबलावर रडतात.
पण ही हद्द आखताना
पहिल्यांदा माझा हात हलला.

लाल रेघेबाहेर आलं तर दवाखाना, मी म्हणालो.
ताप आला तर दवाखाना.
आणि लाल धागा मनगटाकडे चढू लागला
तर रात्रीचे दोन वाजले असले तरी, कडीकुलूप, स्कूटर, दवाखाना.
तू विचारलंस, आणि आत राहिलं तर?
तर नकाशा बरोबर.

बाराला मोबाइलच्या उजेडात पाहिलं.
तीनला पाहिलं.
चोरासारखा गॉझची कड उचलून,
कपाळावर हात ठेवून,
तू झोपेत म्हणालीस, ढील दे.

सकाळी लाल आत सरकलेलं,
तांदळाच्या दाण्याएवढं.
रेघ आता नुसत्याच कातडीवर उभी,
जिथे भांडण नाही अशा शेताच्या बांधासारखी.
ती पुसू नका म्हणालीस, वर्गात दाखवायचीय.
पुन्हा डबा, पुन्हा मीठ, पुन्हा दहा मिनिटं;
अजून दोन-तीन दिवस चालेल हे.

पोळी मात्र आजही डाव्या हातानंच.
सवय लागली, म्हणतेस.
मी समोर बसून
अगाशीवरचं ते वाक्य परत घ्यायला शब्द शोधतोय,
आणि किती हळू बोलावं
ते मोजतोय.