निम्मं-निम्मं

बोपदेव घाटाच्या तिसऱ्या वळणावर
मॅटाडोरचा काटा लालात गेला.
मागे सीताफळाची दोनशे कलमं,
पुढे मी,
आणि दोन सीटांमधल्या झाकणाखालून
शिट्टी न फुटलेल्या कुकरसारखी वाफ.

गरम असताना उघडायचं नाही,
एवढं मला येतं.
कलमांवर ओलं बारदान टाकलं,
तासभर कठड्यावर बसून राहिले,
आणि हेरंबला फोन केला नाही.

नाना पेठेत इलियासभाईंनी
फडकं धरून रेडिएटरचं टोपण फिरवलं,
बोट बुडवून वर काढलं.
बोटाला काकवी.
"कुणी काय घातलंय यात?"

मी लाल घातलेलं, मार्चमध्ये.
पंपावरचा पोरगा म्हणाला, नवीन आलंय ताई,
पाच वर्षं बघायला नको.
हेरंबनं हिरवं.
कधी, ते त्यालाच ठाऊक.
त्या दिवसांत आम्ही बहीणभाऊ
नर्सरीच्या हिशेबापुरतं बोलत होतो,
म्हणजे चिठ्ठीवर.
पातळी उतरली की ज्याला दिसेल त्यानं ओतायचं,
आपापलं.
विचारायचं नाही.

"दोन्ही चांगलीच असतात हो," इलियासभाई म्हणाले,
"एकमेकांत गेली की गाळ धरतात."

लुंकडांच्या दुकानात फळीवर
हिरवे, लाल, निळे, गुलाबी डबे,
सरबताचं दुकान म्हणावं तसे.
"रंगावर जाऊ नका. रंग काय, कुणीही घालतं.
डब्याच्या मागचं वाचा.
गाडी कितीची?"
"एकोणनव्वदची."
"मग जुन्या पद्धतीचंच न्या.
पितळी रेडिएटर, बिडाचा ब्लॉक,
या वयात नवं पचेलच असं नाही."
पाणी घातलेलं नको म्हटलं, कॉन्सन्ट्रेट द्या.
पाणी माझ्याकडे आहे.

"कुठलं?" इलियासभाईंनी विचारलं.
बोअरचं.
ते नुसते हसले.
"घरी किटलीच्या तळाला बघितलंय?"

बघितलंय.
ज्या पाण्यावर माझी चार हजार रोपं उभी आहेत
त्यानं या इंजिनाच्या नसा चुन्यानं बुजतील,
हे मान्य करायला मला एक चहा लागला.
मग वाद म्हणून वाद:
पुण्यात कुठे काय गोठतंय?
"गोठू नये म्हणून नाही, ताई.
गंजू नये म्हणून.
आणि घाटात जरा उशिरा उकळावं म्हणून."

पाईप लावला.
पहिलं पाणी विटेचं,
दुसरं, तिसरं चहाचं,
पाचव्यात कसल्याशा खपल्या,
सातवं स्वच्छ.
आठवं विकतच्या पाण्याचं, फक्त खळबळायला.
ब्लॉकच्या कोपऱ्यात दीड-दोन लिटर राहतंच,
कितीही काढा.
म्हणून आधी सव्वाचार लिटर कूलंट मोजून,
उरेल ती जागा पाण्याची.
साडेआठाचं पोट.
निम्मं-निम्मं असं होतं,
राहिलेलं धरून.

तेवढ्यात समोरचं कुत्रं
सांडलेल्या हिरव्याला जीभ लावायला आलं
आणि इलियासभाई, गुडघे धरून चालणारे,
बादली घेऊन धावले.
फरशी तीनदा धुतली.
"गोड लागतं त्यांना.
तोच घोटाळा आहे."

एप्रिलच्या दुपारी हीटर पूर्ण उघडून
मी आत बसले, घामानं निथळत,
इंजिन चालू, टोपण उघडं.
बुडबुडा.
बराच वेळ काही नाही.
मग आणखी एक, मोठा,
आणि पातळी चार बोटं खाली.
"हवा होती," ते म्हणाले. "घाला अजून."

रात्री बाटलीवर चिकटपट्टी लावून
मार्करनं लिहिलं:
हिरवं. निम्मं-निम्मं. दुसरं काही घालू नये.
'न विचारता' लिहून खोडलं.

सकाळी मॅटाडोर जागेवर नव्हती.
सासवडची कलमं घेऊन हेरंब गेलेला.
संध्याकाळी बघितलं तर पट्टीवर, खाली,
न उमटणाऱ्या बॉलपेननं चारदा गिरवून:
पाणी कुठलं?

मी मार्कर शोधला.
विकतचं.
कॅन डाव्या सीटमागे आहे.