हिशेबात नसलेले सामने

मे महिन्यातले हे सामने कुठेच मोजले जात नाहीत.
ना गुणतक्त्यात, ना पोरांच्या करारात,
उद्याच्या पेपरात तर नाहीच.
म्हणून मी येतो.
रात्री साडेआठला, सिमेंटचा ताप उतरल्यावर,
माळव्याचं वारं जाळीतून यायला लागतं तेव्हा
दुसऱ्या पायरीवर बसतो
(पहिलीवर बसायला गुडघा तयार नसतो).
मांडीवर वही, वहीत रकाने :
उंची. हातांची लांबी. उडी. नेम.
क्लबवाल्यांनी छापून दिलेले.

रकान्यात बसतात ती पोरं लगेच दिसतात.
बडवाहचा लोकेंद्र पाटीदार, सहा फूट सात,
चेंडू टाकत नाही, रिंगमध्ये ठेवतो,
फळीवर डबा ठेवावा तसा.
त्याला ओळखायला माझी गरज नाही.
मी बघतो चेंडू ज्याच्याकडे नाही त्याला.

चेंडू हातचा गेला की कोण पंचाकडे बघत उभा राहतो,
कोण वळून पळत सुटतो.
बाहेर बसवल्यावर
कोण बाटली लाथाडतो, कोण दुसऱ्याला देतो,
आणि देताना कोण हळूच
क्लबवाल्यांच्या खुर्च्यांकडे बघून घेतो.
हे मी समासात लिहितो,
बारीक, पेन्सिलीनं.

आज समासात एकच नाव आहे.
फैजान मन्सुरी. एकोणीस. उंची सांगण्यासारखी नाही.
बारा गुण मागे, दोन मिनिटं उरलेली,
आणि हा लोकेंद्रला बोटानं दाखवतोय :
तिथे नको, इथे.
सात इंचांनी उंच पोर
मुकाट तिथून इथे आलं.
फक्त, फैजान घुसतो तो दर वेळी उजवीकडूनच.
तिसऱ्यांदा घुसला तेव्हा समोरच्यानं
दार आधीच लावून ठेवलं होतं.

मी लिहिलं : डावा हात नाही.
आणि पेन्सिल अडली.

एक्क्याण्णव साली, याच मैदानावर, तेव्हा मातीचं होतं,
कुणीतरी माझ्यापुढे हेच तीन शब्द लिहिले.
मला कळलं बावीस वर्षांनी,
ऑफिस हलवताना लोखंडी कपाटातून
गठ्ठा निघाला तेव्हा.
मोघे अ. वि. डोकं चांगलं. डावा हात नाही.
खाली दाते सरांची सही, अर्धी वाळवीनं खाल्लेली.
दाते सर तर रोज भेटायचे,
रामबागेच्या कोपऱ्यावर सायकल टेकवून
वडिलांच्या दम्याची चौकशी करायचे,
माझ्या लग्नात आहेर घेऊन आले होते.
हे तेवढं बोलले नाहीत.
वाईटपणा कशाला, असं वाटलं असेल.
किंवा विसरले. लिहून ठेवलं की माणूस विसरतो.
त्या रात्री मी डाव्या हातानं जेवून पाहिलं.
आमटी शर्टावर.
बायको म्हणाली, चाळिशी उलटली ना तुमची?

सामना संपला. निम्मे दिवे गेले,
किडे उरलेल्यांकडे सरकले.
गेटबाहेर रसवंतीवर पोरांची झुंबड.
फैजानला बाजूला घेतलं, वही उघडून ओळच दाखवली.
त्यानं अक्षर लावलं, मग विचारलं, “डावा मतलब, सर?”
मी त्याचं मनगट धरलं. हा.

तो त्या हाताकडे बघत राहिला,
लग्नात भेटलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसा,
चेहरा ओळखीचा, नाव आठवेना.
“कितने दिन लगेंगे?”
मला काय माहीत. मी तर सुरूच केलं नव्हतं.
म्हटलं, दात घासण्यापासून कर.
कुलूप उघड. बटणं लाव. चिडचिड होईल, होऊ दे.
ऑगस्टपर्यंत वेळ आहे,
ऑगस्टमध्ये ते रकाने मागतील.

“जी सर.”
रसाचा ग्लास उजव्या हातातून डाव्यात गेला.
मला भरून वगैरे येणार,
तेवढ्यात रिकाम्या उजव्यानं त्यानं खिशातून फोन काढला.
“हाँ अम्मी, निकल ही रहा हूँ.”

ग्लास नंतर कुठल्या हातात गेला
ते गर्दीत दिसलं नाही.
स्कूटरच्या सीटवर वही टेकवून
मी त्या ओळीपुढे लिहिलं :
सांगितलं.
आणि तारीख.