सत्तर टक्के कडू

पेढे नकोत, हे ह्यांनीच ठरवलं,
म्हणजे पेढ्यांच्या चित्रावरून हात आडवा फिरवला.
चिवडा म्हटलं, तर हसले.
नाशकातून चिवडा काय, सगळेच नेतात.

रेश्मा गांगुर्डे सोमवारी नागपूरला जाणार, कायमची.
चौदा महिने ती येत होती आमच्याकडे
मंगळवारी आणि शुक्रवारी, पिशवीत चित्रांचे पत्ते घेऊन:
कप, कंगवा, कुलूप, केळं.
ह्यांच्या डोक्यात तेव्हा शब्दांचे खण उलटे पडलेले.
चहाला चावी म्हणायचे.
मला, एकदा, टपाल.

तिसऱ्या महिन्यात काढ्याचा घोट घेतला
आणि तोंड वाकडं करून म्हणाले, कडू.
स्वच्छ. डू जरा लांबला, एवढंच.
आम्ही दोघी रडलो, काढा तसाच राहिला.

म्हणून भेट कडूच द्यायची.
मी स्कूटर काढली.

कॉलेज रोडच्या दुकानात काचेआड
गुलाबी बदाम, सोनेरी कागद, रिबिनी.
कडू काय आहे, विचारलं तर पोरगा म्हणाला,
"काकू, आमच्याकडे सगळं गोडच असतं,"
जणू मी त्याच्यावर आळ घेतला.
शरणपूर रोडला पाटी चॉकलेटची, आत मोबाइलची कव्हरं.
कॅनडा कॉर्नरला एकीने बजेट विचारलं
आणि मी तोंड उघडायच्या आत स्वस्तातला ट्रे काढला.
एप्रिल. स्कूटरचा स्टँड डांबरात रुतत होता.

शेवटी गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत,
दातांच्या दवाखान्याच्या बरोब्बर खाली,
दोन खोल्या.
एक दगडी यंत्र फिरतंय, इडलीचं पीठ वाटावं तसं.
तन्मय क्षेमकल्याणी, चाळिशीचा, ॲप्रनवर डाग,
आधी अंबडच्या कारखान्यात सुटे भाग मोजायचा.
"बिया केरळातून येतात.
मी भाजतो, सोलतो. पुढचे तीन दिवस दगडाचे."

पन्नास टक्क्यांचा तुकडा दिला. गोड.
साठ. बरा.
सत्तरला जीभ थबकली:
आधी जळकी साल, मग काळ्या मनुकेसारखं आंबट,
आणि सगळं संपलं असं वाटल्यावर, कुठून तरी,
आवळ्यावर पाणी प्यायल्यावर येतो
तो गोडवा.

"कोणासाठी?"
सांगितलं. सगळं नाही, टपालचं गाळलं.
त्याने खोक्याला रिबीन बांधली नाही.
"घर किती लांब?"
"इंदिरानगर."
"वीस मिनिटं आहेत तुमच्याकडे.
त्यानंतर मी जबाबदार नाही."
बर्फाची पिशवी, तिच्यावर वर्तमानपत्र, त्याच्यावर माझी ओढणी.
मुंबई नाक्याला सिग्नल लागला. एकशे दहा सेकंद.
मी स्वतःची सावली खोक्यावर धरून बसले,
मागचा टेंपोवाला हॉर्न देत होता, कशासाठी कोण जाणे.

रविवारी रेश्मा आली. हातात पिशवी नव्हती, पहिल्यांदाच.
आत येत नाही म्हणाली, खाली रिक्षा उभी आहे.
ह्यांनी आठवडाभर धन्यवाद घोकलेला,
आंघोळीत, जिन्यात, पान वाढताना.
खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं,
उजवा हात थोडा उशिरा पोचला.
ध, म्हणाले.
ध.
मी ओठ घट्ट मिटले. तिनेच शिकवलं होतं,
शब्द पुरवायचा नाही, वाट पाहायची.
शेजारच्या कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.
मग ठणठणीत आवाजात म्हणाले,
"चावी."

रेश्मा काही बोलली नाही.
जिन्याच्या खिडकीतून वाकून रिक्षावाल्याला
जा म्हणून हात केला,
चपला काढल्या.

मी आधण ठेवलं, तीन कप.
आतून विचारलं, साखर किती?
नको, म्हणाली, आज.
आणि खोकं उघडल्याचा आवाज आला.