वरचं भुसावळ

वडिलांच्या वहीवर बाहेरून लिहिलंय : लाद्या, आवक-जावक.
आत एका खेळाचा इतिहास निघतो
जो त्यांनी कधी पाहिला नाही.

भुसावळच्या बर्फ कारखान्यात सुपडू धनजी फिरके,
कॉम्प्रेसरवर, रात्रपाळी, एकतीस वर्षं.
मे महिन्यात बाहेर डांबर चपलेला धरायचं
आणि हे आत मफलर गुंडाळून
मिठाच्या पाण्यात बोट घालून सांगायचे, उणे आठ.
थर्मामीटर नंतर यायचा, मान डोलवायला.

गार्ड लेस्ली कॉर्नेलियसचा भाऊ परदेशी स्थायिक.
दर फेब्रुवारीत तो तिथल्या सामन्यांचं पुस्तक धाडायचा.
लेस्ली चित्रं बघून ते आमच्याकडे टाकायचा,
त्याच्या गाडीला दोन लाद्या जास्त मिळाव्यात म्हणून.
पाच देशांचे संघ, नाताळानंतर, डोंगरातल्या एका गावी.
गावाचं नाव वडिलांच्या जिभेवर बसेना.
ते म्हणायचे, वरचं भुसावळ.

डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी उतरवलं :
साल पहिलं. तळं गोठलं. तीन संघ. बघे घोडागाड्यांत.
साल चौथं. गोलीचा दात पडला, बर्फात सापडला नाही.
साल नववं. तळं गोठलंच नाही. वाट बघून सगळे घरी.
मग सहा ओळी : लढाई. लढाई. लढाई.
सहावीच्या पुढं पेन्सिलीनं,
पहिल्या सालची पोरं कुठं गेली असतील.

साल अठराव्याला शाई बदलते, अक्षर थोरलं होतं.
तळं सोडलं. छताखाली मैदान.
मैदानाखाली नळ्या, नळ्यांत मिठाचं पाणी, पलीकडे अमोनिया.
ते ताटावरून उठले, उष्ट्या हातानं आईला म्हणाले,
"अवं, हे तं आपलंच काम हाये!"
आई कळण्याची भाकरी थापत होती.
"मग पगार वाढीन का?"

त्यानंतर जिंकणाऱ्यांची नावं वहीत बारीक होत गेली.
बर्फ करणाऱ्याचं नाव पुस्तकात शेवटच्या पानावर असे,
छापखाना आणि बुटांच्या जाहिरातीमध्ये चेपलेलं.
वडील तिथूनच वाचायला घेत.

लेस्ली रिटायर होऊन बंगलोरला गेला. पुस्तक थांबलं.
दोन फेब्रुवारी कोरडे गेले. तिसऱ्याला त्यांनी
माझ्या नववीतल्या इंग्रजीत पत्र लिहवून घेतलं.
मला वाटलं, कप कुणाचा ते विचारतील.
विचारलं : बर्फ किती जाड ठेवता?
गॅस गळला तर तोंडाला काय बांधता?

कार्ड आलं ऐन मेमध्ये,
पोस्टमन तडवींच्या घामानं अर्धी शाई फुटलेली.
तीन सेंटिमीटर. ओला टॉवेल. तुमचं?
कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा.
वडिलांनी कार्ड वाचण्याआधी हुंगलं.

कारखाना त्याच जूनमध्ये बंद झाला.
गाड्यांना एसी डबे, दुकानादुकानांत फ्रिज.
शेवटच्या खेपेच्या चाळीस लाद्यांना गिऱ्हाईक नव्हतं.
वडिलांनी त्या फोडू दिल्या नाहीत,
फरशीवर शेजारी शेजारी आडव्या मांडल्या,
भुसा झाडला, म्हणाले, चला.
हमालांची पोरं अनवाणी,
हातात लाद्या ओढायचे आकडे, उलटे धरलेले,
सोड्याच्या बाटलीचं बूच पुढं पुढं.
बूच फटीत अडकलं की भांडण.
शिट्टी माझ्याकडे होती. नियम कुणाकडेच नव्हते.
जब्बार पाचदा पडला आणि पाचदा
कुणी ढकललं म्हणून मागं बघत राहिला.
वडील खेळले नाहीत. कॉम्प्रेसरला टेकून
मशीन बंद असताना त्याचा आवाज ऐकत होते.

वहीतली शेवटची ओळ :
खालचं भुसावळ. साल पहिलं. जाडी वीतभर.
खेळ सव्वा तास. पाणी गटारात सोडलं नाही,
फाटकाजवळच्या निंबाला घातलं.

कार्डवाल्यालाही हेच लिही, म्हणाले. लिहिलं.
निंबाचं इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं,
नुसतं झाड लिहिलं.